खिडकीवरचं रोजचं एक वाक्य

आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडच्या अंगाला, दवाखान्याची एक खिडकी आहे. हात-दीड हात रुंद, पुढे गज, आणि गजांखाली एक पेला सरकेल एवढी फट. सकाळी आठ ते अकरा ती उघडी असते. तिच्यामागे कंपाउंडर बसतात. डोक्यावर केस मोजके, पण तेवढे रोज पाण्याने चापून बसवलेले. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. अंग चांगलं भरदार आणि आवाज मात्र बारीक, देवाने घाईत दुसऱ्याच कोणाचा लावून दिल्यासारखा. गल्लीत त्यांना कंपाउंडर कोणी म्हणत नाही, 'बोला' म्हणतात. "बोला आले का?" "बोलांना आज सर्दी झालीय." असं.

त्याचं कारण सांगते. गर्दच्या नशेत अडकलेल्या लोकांना या खिडकीवर रोज एक औषध मिळतं. पातळ आणि कडू. ते घेतलं की अंग तुटत नाही, घाम फुटत नाही, हात थरथरत नाहीत, आणि माणूस आपल्या कामाला जाऊ शकतो. कोणाला किती ते डॉक्टर लिहून देतात. कंपाउंडर काचेच्या मापाने मोजून इवल्याशा पेल्यात ओततात आणि समोरच प्यायला लावतात. कारण काही जण ते गालात धरून कोपऱ्यापर्यंत नेतात आणि तिथे थुंकून दुसऱ्याला देतात. शी! पण आहे खरं. म्हणून पिऊन झालं की वर घोटभर पाणी घ्यायचं आणि काहीतरी बोलून दाखवायचं. तोंडात औषध धरून बोलता येत नाही. मी पाण्याने करून बघितलं, पदर भिजला.

दुसऱ्या दवाखान्यांत म्हणे लोक 'एक दोन तीन' म्हणतात, नाहीतर नाव सांगतात, की झालं काम. आमच्या कंपाउंडरांना ते पटलं नाही. "नाव मला माहीत आहे आणि आकडे मला येतात," ते म्हणायचे. "नवीन काहीतरी बोला." त्यांचा कायदा असा की रोज एक पूर्ण वाक्य सांगायचं, कालचं चालणार नाही, आणि 'ठीक आहे' म्हटलं तर ते धरलं जाणार नाही. वाक्य पसंत पडलं की ते म्हणायचे, "मोजलं," आणि वहीत खूण करायचे. नाहीतर, "हे कालच झालं मास्तर, दुसरं बोला."

मग काय एकेक ऐकायला मिळायचं! पाठीच्या ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्यांनी ज्यांना धरलं ते शाळेतले मास्तर एकदा म्हणाले, "आज बायकोने मला 'अहो' म्हटलं. वर्षभर नुसतं 'ऐकलं का' चाललं होतं." शिवणवाली म्हणाली, "काल एका गिऱ्हाइकाने माप देताना पोट आत ओढून धरलं. आज तो सदरा घेऊन भांडायला येणार." आणि नळवाला, चाळिशीचा, काटकुळा, कमरेला पान्यांची पिशवी, तो तर रोज काहीतरी अजबच आणायचा. "एका घरची मोरी तुंबली होती, पाइप उघडला तर सात चमचे निघाले. बाई म्हणते, मी तीन वर्षं कामवालीवर संशय घेत होते."

"मोजलं!" कंपाउंडर म्हणायचे, आणि मागची अख्खी रांग हसायची.

आता मी हे मिटक्या मारत सांगतेय. सुरुवातीला मात्र मी त्या खिडकीच्या नावाने बोटं मोडत होते.

खिडकी उघडली त्या आठवड्यात गल्लीत घरोघरी एकच चर्चा होती. गर्दुल्ले येणार, चोऱ्या होणार, पोरीबाळींनी जायचं कुठून? मी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि समोरच्या खिडकीशी अबोलाच धरला. कंपाउंडर वर बघून मान झुकवायचे, मी मान फिरवायची. तेवढ्यावर माझं भागलं नाही. नातीला बसवलं आणि आरोग्य ऑफिसातून तक्रारीचा छापील अर्ज आणून भरून घेतला. मी चौथीपर्यंत शिकलेली, सहीपुरतं येतं. आता खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. पण 'भीती वाटते' असा रकाना त्या अर्जात नव्हता. घाण होता, दुर्गंधी होता, गोंगाट होता. मग गोंगाटावर खूण केली आणि नातीने छान अक्षरात लिहिलं, "समोरच्या खिडकीवर सकाळी आठपासून मोठमोठ्याने बोलणे चालते. वरच्या गॅलरीत शब्दन् शब्द ऐकू येतो. ताबडतोब बंद करावे."

विहिरीत दगड टाकावा आणि डुबुक असा आवाजसुद्धा येऊ नये, तसं झालं. एक महिना गेला, दोन गेले. ऑफिस गप्प.

दरम्यान उन्हाळा आला आणि दार उघडावं लागलं. सकाळी भाजी निवडायला मला गॅलरीच बरी पडते. कान काही बंद करता येत नाहीत. पहिल्या दिवशी ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, आज निवडायला भाजी नाही. मग टोपली कशाला घेऊन बसलाय?"

"सवय असते हाताला," मी म्हटलं.

"हाताला की कानाला?"

सून माझी चांगली आहे, पण जीभ तिची धार लावून ठेवलेल्या सुरीसारखी.

मग एकदा माझा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आठ दिवस थेंब थेंब. खाली नळवाला वाक्य सांगत होता की आज हाताला काम नाही, म्हणून घरी जाऊन स्वतःचाच नळ उघडबंद करणार आहे. माझ्या तोंडून वरून निघून गेलं, "अरे, मग माझा कर की!"

रांगेतल्या सगळ्यांनी वर बघितलं. कंपाउंडरांनीही गजांतून मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "मोजलं. पण हे तुमचं वाक्य झालं, आजी."

नळवाला वर आला तेव्हा सूनबाईने कपाटाला कुलूप घातलं, आणि मीसुद्धा बांगड्या पदराखाली घेतल्या. खोटं कशाला बोलू? त्याने ते बघितलं. नळ उघडला, वायसर बदलला, फरशी पुसून दिली. उठताना त्याचं लक्ष फडताळावर गेलं. तिथे माझी झोपेच्या गोळ्यांची पट्टी.

"आजी, ही गोळी कोण घेतं?"

"मीच. हे गेले तेव्हा डॉक्टरांनी दिली होती. पंधरा दिवसांसाठी."

"कधी गेले?"

"एकोणीस वर्षं झाली."

त्याने बारीक शीळ घातली. "एकोणीस! मी अकराच वर्षं होतो, आजी."

सूनबाई ओट्याशी उभी होती, ती फस्सकन हसली. मला राग यायला हवा होता, पण तोपर्यंत मीही हसत होते. तो गेल्यावर मात्र विचार करत बसले. गोळी मिळाली नाही की माझंही डोकं ठणकतं. मध्ये एकदा दुकानात दोन दिवस गोळी नव्हती, तर मी नातीवर वस्सकन ओरडले आणि हातातला कप थरथरला. पण माझी गोळी पांढरी, चांदीच्या कागदातली, म्हणून मी आजी. त्यांचं औषध रांगेत उभं राहून घ्यायचं, म्हणून ते गर्दुल्ले. मला कोणी तीनदा तुरुंगात टाकलं नाही. नळवाल्याला टाकलं होतं. तो सांगायचा, "आत तर बाहेरच्यापेक्षा सहज मिळायचं. सुधारायला पाठवलं आणि तिथे माझ्या ओळखी वाढल्या."

एका सकाळी खिडकी बंद व्हायच्या वेळी मी जिना उतरले. गोळीबद्दल विचारायचं होतं. कंपाउंडरांनी आतून स्टूल दिलं. म्हणाले, "एकदम सोडू नका हां. त्रास होईल. डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू कमी करतील."

"म्हणजे मीही तुमच्यातलीच का?"

"आमच्यात यायला परीक्षा नाही, आजी."

"पण मला सांगा, नशा सोडवायला पुन्हा औषधच द्यायचं, हे काय? आगीतून फुफाट्यात."

त्यांनी माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं. "ही काढून घेतली तर तुमचे पाय सुधारतील?"

"पडेन की मी."

"मग? काहींची काठी सहा महिन्यांत सुटते, काहींची जन्मभर राहते. आपल्याला काय, माणूस चालता राहिल्याशी काम."

मग मी सहज विचारलं की हे बोलायला लावायचं खूळ कुठून काढलंत. माप धुता धुता त्यांनी सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ, त्यांच्याहून हुशार, नकला करून घर डोक्यावर घ्यायचा. तो गर्दच्या नादी लागला. घरच्यांनी मारून बघितलं, कोंडून बघितलं, शपथा घातल्या. शेवटी आईने ठरवलं, अबोला. ताट वाढायचं, कपडे धुवायचे, पण शब्द म्हणून बोलायचा नाही. शरमेने तरी ताळ्यावर येईल.

"मी अठरा वर्षांचा होतो, मीही पाळला," ते म्हणाले. "दीड वर्ष. एकदा तो दारात उभा राहून म्हणाला, 'काहीतरी बोल की रे, शिवी दे हवी तर.' मी पुस्तकात डोकं घालून बसलो."

"मग?"

"मग दोन महिन्यांनी तो गेला. पोलीस विचारायला आले, शेवटी काय बोलला होता, कोणाशी बोलला होता? घरात पाच माणसं, आणि एकालाही सांगता येईना."

त्यांनी माप उलटं करून फडक्यावर ठेवलं. "औषधाचं काम औषध करतं, आजी. माझं काम तेवढं बोला म्हणायचं."

मी घरी आले. माझा अर्ज कुठल्या तरी कपाटात पडलाय, हे मला आठवत होतं. वाटलं, आता काय, उंदरांनी खाल्ला असेल.

उंदरांनी खाल्ला नव्हता. आठ महिने तो कागद कुठे निजला होता देव जाणे, आणि उठला तो नेमका नको तेव्हा. एका सोमवारी खिडकीच्या काचेवर आदेश चिकटला. नातीने वाचून दाखवला. "रहिवाशांच्या तक्रारीनुसार खिडकीवर संभाषण करण्यास मनाई आहे. औषध घेतल्यानंतर तोंडाची तपासणी बॅटरीने करावी."

ती वाचता वाचता थांबली. "आजी, ही तक्रार..."

"चूप," मी म्हटलं.

त्या दिवसापासून 'बोला' गेलं आणि 'आ करा' आलं. कंपाउंडर बॅटरी धरायचे, माणूस भर गल्लीत तोंड वासून उभा राहायचा, जीभ वर, जीभ खाली. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. शिवणवालीचे पुढचे दोन दात पडलेले, ती हसतानासुद्धा तोंडावर हात धरायची. तिला आता रोज सगळ्यांसमोर आ करावं लागायचं. मास्तर टोपी डोळ्यांवर ओढून यायला लागले. कंपाउंडरांचा आधीच बारीक असलेला आवाज पार घशात गेला. मी गॅलरीत टोपली घेऊन बसायचे आणि खालून नुसता पेला ठेवल्याचा टक् असा आवाज यायचा.

रांग झडायला लागली. आधी चाळीसच्या वर माणसं यायची, दोन आठवड्यांत पंचवीसवर आली. कंपाउंडर एकदा खिडकी लावून घरी जाताना खालून म्हणाले, "महिनाअखेरीला तीसच्या खाली राहिली तर ही खिडकी बंद करून मोठ्या हॉस्पिटलात नेणार आहेत. दोन बस बदलून कोण येईल हो रोज?" मी टोपली उचलून आत गेले.

आणि नळवाला यायचाच बंद झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा दिवस.

माझ्याच्याने राहवेना. नातीला घेतलं आणि आरोग्य ऑफिसात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काचेमागे एक कारकून टाचण्या सारख्या करत बसला होता.

"तक्रार मागे घ्यायचीय," मी म्हटलं.

"तसा फॉर्म नाही, आजी. फक्त तक्रार करायचा आहे."

"मग तोच द्या."

"कसली तक्रार?"

"शांततेची."

त्याच्या हातातली टाचणी खाली पडली. "शांततेचा रकाना नाहीये."

"गोंगाटाचा आहे ना? त्याच्यावर खूण करा आणि पुढे लिहा, 'होत नाही.'"

त्याने माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. नात छताकडे बघत होती, ओठ गच्च मिटून. शेवटी त्याने लिहिलं. "गोंगाट: होत नाही. त्यामुळे रहिवाशांना त्रास." शिक्का मारला. मी म्हटलं, "बाबा, मागच्याला आठ महिने लागले. माझं वय बघून हा जरा लवकर काढ."

पण नळवाला काही आठ महिने थांबणार नव्हता. घरी आले, पक्कड घेतली आणि स्वयंपाकघरातला नळ खोलला. वाटलं होतं थोडं ठिबकेल. पाणी असं उसळलं की सूनबाईच्या कपाळापासून पायापर्यंत अभिषेक.

"आई! हे काय चाललंय?"

"फोन लाव नळवाल्याला."

फोनवर त्याचा आवाज खोल गेलेला. "दुसऱ्या कोणाला बोलवा, आजी."

"वायसर तुझा आणि बोलवू दुसऱ्याला?"

"माझा वायसर गळणार नाही."

"मग मी खोटं बोलतेय? ऐक." मी फोन पाण्याजवळ धरला.

अर्ध्या तासात आला. औषध घेत होता तेव्हा जरा भरला होता, आता पुन्हा गाल बसलेले, हात थरथरत होते. पण नळापाशी गेला तसे ते हात हुशार झाले. पाणी बंद केलं, आत बोट घातलं आणि माझ्याकडे वळला. "वायसर नाहीच आहे आत."

मी फडताळावरून काढून त्याच्या हातावर ठेवला. "मीच काढला."

तो खाली ओल्या फरशीवरच बसला. सूनबाईने, कपाट उघडंच टाकून, त्याच्यासमोर चहा ठेवला.

"पहिले दोन दिवस घरात काढले," तो म्हणाला. "अंग तुटून गेलं. मग गेलो जुन्या जागी."

"आ करायची लाज वाटत होती का रे?"

"लाज कसली, तुरुंगात याहून वाईट बघितलंय." त्याने वायसर बोटात फिरवला. "काय होतं आजी, दिवसभर काम करताना मी वाक्य जुळवत असायचो. हे सांगू की ते सांगू. एखाद्या घरात काही मजेशीर दिसलं की वाटायचं, हे उद्या खिडकीवर. आता जुळवून ठेवायचं कोणासाठी?"

मी ओला पदर पिळत राहिले. पण बोलायलाच हवं होतं. "ती तक्रार मी केली होती. खिडकी नवीन होती तेव्हा."

त्याने वायसर खाली ठेवला. मग म्हणाला, "तेव्हा? तेव्हाचा मी तुम्ही बघितला होतात. तेव्हा मला अर्ज मिळाला असता तर मीच माझ्याविरुद्ध भरला असता."

"उद्या ये."

"येऊन काय करू? बोलायला बंदी आहे."

मी नातीला हाक मारली. "त्या कागदावर काय लिहिलंय ते पुन्हा सांग बघू."

"खिडकीवर संभाषण करण्यास मनाई," ती म्हणाली.

"गॅलरीवर आहे का मनाई?"

"नाही."

"मग झालं तर. तू औषध घे, आ कर, चार पावलं मागे ये आणि वर बघून माझ्याशी बोल. माझ्यावर कुठल्या ऑफिसचा हुकूम चालतो ते बघू. आमच्या ह्यांचासुद्धा कधी चालला नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी टोपलीशिवायच गॅलरीत उभी राहिले. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. सूनबाई आतून दोनदा डोकावून गेली. पावणेनऊला तो कोपऱ्यावर दिसला. कंपाउंडर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आधी त्याला आत डॉक्टरांकडे पाठवलं, कारण इतके दिवस चुकले की माप पुन्हा कमीपासून सुरू करावं लागतं. मग पेला, पाणी, बॅटरी. मग तो चार पावलं मागे आला, मान वर केली आणि ओरडला,

"आजी! काल एका घरात नळ फुटला होता, आणि चोर निघाली घरची मालकीणच!"

रांगेत कोण हसलं आधी ते कळलं नाही. मी कंपाउंडरांकडे बघितलं. ते बोलू शकत नव्हते, पण गजांतून एक बोट बाहेर काढून त्यांनी हवेत खूण केली.

"मोजलं!" मी वरून म्हटलं. "उद्या नवीन पाहिजे."

मग शिवणवाली मागे सरली. तोंडावर हात धरून म्हणाली, "आजी, मी दात बसवायचं ठरवलंय, म्हणजे आ करताना बॅटरीवाल्यालाही काहीतरी चांगलं दिसेल." मास्तरांनी टोपी काढली आणि त्यांच्या शाळेतल्यासारख्या खड्या आवाजात पत्नीने पुन्हा 'ऐकलं का' सुरू केल्याची फिर्याद केली. मी म्हटलं, "मग ऐका की!" आठवडाभरात रांग पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली. आवाज आता आधीपेक्षा दुप्पट, कारण आधी खिडकीशी बोलायचे, आता दुसऱ्या मजल्याशी.

आणि नेमके अशा एका सकाळी ऑफिसचे साहेब आले. या वेळी अर्ज वीस दिवसांत निघाला, त्या टाचणीवाल्याचं भलं होवो. साहेब तरुण, हातात फाइल. मी त्यांना गॅलरीतच खुर्ची दिली.

"आजी, तुमची पहिली तक्रार गोंगाटाची," ते फाइल उघडून म्हणाले. "दुसरी शांततेची. आणि आज मी बघतोय, सगळा गोंगाट तुमच्या गॅलरीखालीच चाललाय."

"पहिली चुकली होती. ती दुरुस्त करायचा फॉर्म तुमच्याकडे नव्हता, म्हणून हातानेच दुरुस्त केली."

"पण तपासणीसाठी बॅटरी आहेच ना?"

"बॅटरीने औषध पोटात गेलं की नाही कळतं. उद्या माणूस येईल की नाही, ते नाही कळत. हजेरी बघा. मनाईच्या आधीची, नंतरची आणि आत्ताची."

त्यांनी खरंच कंपाउंडरांकडून वही मागवली आणि बघितली. बघता बघता खिसे चाचपायला लागले. "पाच मिनिटांत आलो," म्हणून उठले. मी वरून बघत होते. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन साहेबांनी सिगारेट पेटवली.

ते परत आल्यावर मी म्हटलं, "बरं आहे, तुमच्या खिडकीला रांग नाही."

त्यांचे कान लाल झाले. मग हसले. "किती वर्षं?" मी विचारलं. "सात," ते म्हणाले. खालून नळवाला ओरडला, "साहेब, आजी एकोणीसवर आहेत!"

साहेबांनी काय काय विचार केला मला माहीत नाही. जाताना फाइलवर त्यांनी नातीला दाखवून लिहिलं, "तोंडाची तपासणी बोलण्याद्वारे करावी. आवाज मर्यादित ठेवावा. दोन्ही तक्रारी निकाली. हजेरी पुरेशी असल्याने खिडकी आहे तिथेच राहील." काचेवरचा जुना कागद कंपाउंडरांनी नखाने खरवडून काढला. एक कोपरा अजून चिकटून आहे.

मला एक कबुली द्यायची राहिली होती. त्या दुपारी खाली गेले आणि म्हटलं, "भाऊ, ती पहिली तक्रार..."

"माहीत आहे," कंपाउंडर म्हणाले. "आदेशाबरोबर नक्कल आली होती. 'वरच्या गॅलरीत शब्दन् शब्द ऐकू येतो.' या गल्लीत एवढे तिखट कान कोणाचे आहेत?"

"मग बोलला का नाहीत?"

"मनाई होती ना," ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात पोट हलेपर्यंत हसले.

नळवाल्याचं माप आता पहिल्यासारखं झालंय. मध्ये दोनदा चुकला, एकदा तर चार दिवस. पण परत आला, आणि परत आल्यावर कोणी त्याला कुठे होतास असं विचारलं नाही. वाक्य मात्र विचारलं. माझ्या गोळीचंही डॉक्टर हळूहळू आवरत आणताहेत. एकीची अर्धी झाली, आता पाव आहे. घाई करायची नाही म्हणतात. मला कुठे जायचंय?

फक्त एक बदल झालाय. अकरा वाजता शेवटचा माणूस गेला की कंपाउंडर खिडकी लगेच लावत नाहीत. मान वाकडी करून वर बघतात आणि म्हणतात, "बोला, आजी."

मलाही कायदा तोच. पूर्ण वाक्य, कालचं नको, 'ठीक आहे' धरलं जाणार नाही. आज मी म्हटलं, "रात्री पाव गोळीने झोप उशिरा लागली, त्यामुळे आमची सूनबाई घोरते हे मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळलं."

"आई!" आतून आवाज आला.

"मोजलं," कंपाउंडर म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.